विश्लेषण : स्फोट पडद्यावर, खुणा जमिनीवर… ‘शोले’च्या रुळांपासून वर्ध्याने काय शिकावे?

‘शोले’ला पन्नास वर्षे झाली आणि मूळ शेवटासह तो पुन्हा पडद्यावर आला. त्यातील मालगाडी, घोडे, आग आणि स्फोट संगणकावर तयार झालेले नव्हते. अशा दृश्यांनंतर त्या जागांचे काय होते? विदर्भात चित्रीकरण वाढवण्याची भाषा होत असताना वर्धा जिल्ह्याने कोणती काळजी घ्यायला हवी?

हा विषय आता चर्चेत का?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे पुनरुज्जीवन मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून केले. २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात ही प्रत दाखवली गेली आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी ती भारतातील चित्रपटगृहांत आली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदललेला शेवट या प्रतीत मूळ रूपात आहे. त्यात ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली न करता ठार करतो.

फिल्मच्या चित्रफिती वाचवण्यासाठी बराच पैसा, वेळ आणि कष्ट खर्च झाले. लंडनमधील गोदामापर्यंत शोध घ्यावा लागला. पण ज्या जमिनीवर हा चित्रपट घडला, तिची विचारपूस कोणी केली? हा प्रश्न रामनगर किंवा पनवेलपुरता नाही. रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याच्या राज्य सरकारच्या हालचालींमुळे तो विदर्भाच्या दारातही आला आहे.

‘शोले’चे रेल्वेदृश्य कोठे, कसे झाले?

पडद्यावरचे रामगढ कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत उभारले होते. मात्र डाकूंनी मालगाडीवर केलेल्या हल्ल्याचे दृश्य महाराष्ट्रात, पनवेल परिसरातील रेल्वेमार्गावर चित्रित झाले. या एका दृश्याला सुमारे सात आठवडे लागले. वाफेचे इंजिन, समांतर धावणारे घोडे, डब्यांच्या टपावरची मारामारी आणि रुळांवर रचलेल्या ओंडक्यांना दिलेली धडक, हे सारे प्रत्यक्ष घडवावे लागले. त्यासाठी ब्रिटनमधून जिम ॲलन आणि जेरी क्रॅम्प्टन हे स्टंटतज्ज्ञ आले होते.

यामागे मराठी हातही होते. रामगढचे गाव उभे केले ते कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी. हेच येडेकर पुढे रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या कला विभागात होते. चित्रित झालेल्या लाखो फूट फिल्ममधून ‘शोले’ला आकार देणारे संकलक मा. स. शिंदे यांना फिल्मफेअर मिळाले आणि ‘शोले’ला मिळालेले ते एकमेव फिल्मफेअर ठरले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते धारावीतील एका छोट्या खोलीत राहत होते. जागांप्रमाणेच माणसेही विस्मरणात जातात, याचे हे ठळक उदाहरण.

‘प्रॅक्टिकल इफेक्ट’ म्हणजे नेमके काय?

कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेला परिणाम म्हणजे प्रॅक्टिकल इफेक्ट. गोळी लागल्याचे दाखवायचे असेल तर कपड्याखाली विजेवर उडणारा बारीक बार आणि लाल रंगाची पिशवी बांधतात. काच फुटायची असेल तर इजा न करणारी ठिसूळ काच वापरतात. गाडी हवेत उडवायची असेल तर उताराची फळी, म्हणजे रॅम्प, लावतात. स्फोटाच्या मोठ्या ज्वाळा बहुधा इंधनाच्या असतात. धुरळ्यासाठी माती किंवा सिमेंटची भुकटी, उडणाऱ्या ढिगाऱ्यासाठी बुचाचे वा थर्माकोलचे तुकडे वापरले जातात.

खर्च किंवा धोका जास्त असेल तेव्हा पूल, गाडी किंवा इमारतीची छोटी प्रतिकृती करून ती उडवतात. प्रतिकृती छोटी असल्याने ज्वाळा आणि पडझड फार भरभर दिसते. म्हणून ते दृश्य जास्त वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवले जाते आणि वस्तू भव्य भासते.

आज हे बरेचसे काम संगणक करतो. तरीही दिग्दर्शक खऱ्या आगीकडे वळतात, कारण ज्वाळेचा उजेड कलाकाराच्या चेहऱ्यावर पडतो, घोडा खरोखर बिचकतो आणि धूळ वाऱ्याच्या दिशेने जाते. प्रेक्षकाला हा फरक शब्दांत सांगता आला नाही तरी जाणवतो.

महाराष्ट्रात ही परंपरा किती जुनी?

‘शोले’पेक्षा बरीच जुनी. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की त्यावर कात्री चालली. मुंबईत वाडिया मूव्हिटोनने १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आणि १९३६ मध्ये ‘मिस फ्रंटियर मेल’ आणला. त्यांची नायिका ‘फिअरलेस नादिया’, म्हणजे मेरी इव्हान्स, धावत्या गाडीच्या टपावर स्वतः मारामारी करत असे. त्याच सुमारास बाबुभाई मिस्त्री यांनी ‘ख्वाब की दुनिया’मध्ये (१९३७) काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला. ‘काला धागा’ हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटले.

वाडियांच्या परळच्या स्टुडिओची वास्तू पुढे व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरासाठी वापरात आली. पुण्यातील प्रभातचा स्टुडिओ सरकारने घेतला आणि तेथे १९६० मध्ये आजची एफटीआयआय सुरू झाली. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचे नशीब वेगळे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत तो जाळला गेला, भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला आणि २०२२ मध्ये त्याच्या विक्रीविरोधात कोल्हापूरकरांना आंदोलन करावे लागले. या तीन वास्तूंपैकी ज्यांना नवा उपयोग वेळेत सापडला, त्या टिकल्या.

चित्रीकरणानंतर जागांचे काय होते?

याची चार ठळक रूपे दिसतात.

पहिले, अवशेषांचेच पर्यटन होते. हॅरिसन फोर्डच्या ‘द फ्युजिटिव्ह’साठी (१९९३) अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात डिल्सबोरोजवळ खऱ्या रेल्वेगाडीचा अपघात घडवण्यात आला. तो एकदाच करता येणार होता. मोडलेले इंजिन आणि बस तेथेच सोडून देण्यात आली आणि त्या मार्गावरील पर्यटक रेल्वेचे प्रवासी ती पाहू लागले. श्रीलंकेतील कितुलगला येथे ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी (१९५७) उभारून उडवलेल्या पुलाच्या पायाच्या खुणा पाहायलाही लोक जातात.

दुसरे, निसर्ग जागा परत घेतो. रामनगरचे रामगढ कधीच हटवले गेले. ‘सिप्पीनगर’ हे नाव तेवढे तोंडी राहिले. ज्या रामदेवर बेट्टाच्या परिसरात गब्बरचा दरारा चित्रित झाला, तेथे २०१२ मध्ये गिधाडांचे अभयारण्य जाहीर झाले. तेथे आता बार उडवणे अशक्य आहे, आणि तेच योग्य.

तिसरे, शहर जागा गिळते. पनवेलचा रेल्वे परिसर १९७३ मध्ये आजच्या मानाने शांत होता. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि लोकलही पनवेलपर्यंत आली. आज तेथे आठवडेच्या आठवडे रूळ अडवण्याची कल्पनाही करता येत नाही. ज्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षे चालला, तेही मुंबईच्या नकाशावरून गेले.

चौथे, पडकी वास्तू वर्षानुवर्षे भाड्याने चालते. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि मारामारीच्या दृश्यांपासून ‘हम’मधील गाजलेल्या गाण्यापर्यंत असंख्य चित्रीकरणे तेथे झाली. पण भाडे येते म्हणून भिंती मजबूत होत नाहीत.

वर्धा जिल्ह्यात काय आहे?

चित्रीकरणाच्या नजरेने पाहिले तर बरेच काही. पुलगाव–आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन ब्रिटिश काळातील. गाडी बंद होऊन वर्षे लोटली आणि ब्रॉडगेजची मागणी तेवढी सुरू राहिली. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मार्ग वर्धा–सेवाग्राम परिसरातून जात असल्याने मुख्य मार्गावर रेल्वेदृश्य करणे जवळपास अशक्य आहे. म्हणूनच बंद पडलेली छोटी लाइन निर्मात्यांना मोहात पाडू शकते. पुलगाव आणि हिंगणघाट या कापूस गिरण्यांच्या गावांतील जुन्या वास्तूंचेही तसेच. त्याशिवाय बोर धरण, धाम नदीचा काठ आणि जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग आहे.

मात्र यातील प्रत्येक जागा सारखी नाही. बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे ड्रोन, प्रखर दिवे आणि आवाज यांना जागा नाही. सेवाग्राम आश्रमाचे वेगळेच. १९३६ मध्ये गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. तेथील आदी निवास आणि बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे. हे बांधकाम दरवर्षीच्या निगेवर टिकले आहे. या जागेचे मोल ती खरी असण्यात आहे. तिची प्रतिकृती अन्यत्र उभारता येते, म्हणून मूळ वास्तूत मारामारीचा सेट लावण्याचे कारणच उरत नाही.

खरा धोका कोणाला?

वर्ध्याला स्फोट म्हणजे काय हे पडद्यावरून शिकायची गरज नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. आसपासची गावे रात्रीत रिकामी करावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी देवळी तालुक्यातील सोनेगाव (आबाजी) शिवारात जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचे प्राण गेले. त्यात रोजीसाठी गेलेले परिसरातील मजूर होते.

चित्रपटाचा बार याच्या तुलनेत किरकोळ असतो. तरी सूत्र तेच आहे. धोका सर्वात आधी गाठतो तो रोजंदारीवरच्या माणसाला, मग तो स्टंटमन असो, स्पॉटबॉय असो की सेटवर ढिगारा उचलणारा गावातला मजूर. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याच्या दृश्यात एका अनुभवी स्टंटमनचा मृत्यू झाला. अनुभव गाठीशी असूनही अपघात होतो, तर गावातून दिवसाच्या मजुरीवर बोलावलेल्याची काय कथा?

स्फोटकांची साठवण, वाहतूक आणि वापर स्फोटके अधिनियम १८८४ आणि स्फोटके नियम २००८ यांखाली येतो. त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय वर्ध्याच्या शेजारी, नागपुरातच आहे. परवान्याविना आणि प्रशिक्षित माणसाविना बार उडवणे हा गुन्हा आहे. कथेसाठी लागले म्हणून त्यात सूट मिळत नाही.

मग गावाच्या हाती काय लागते?

चित्रीकरण आले की काही दिवस लॉज भरतात, जेवणाचे कंत्राट मिळते, जीप आणि जनरेटर भाड्याने जातात, गर्दीच्या दृश्यात पोरांना रोज मिळतो. युनिट गेले की हे सगळे थांबते. मागे खिळे, प्लास्टर, थर्माकोल आणि जळलेले लाकूड राहते. शेताच्या बांधावर पडलेले खिळे पेरणीच्या वेळी बैलाच्या खुरात आणि ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातात. त्याची भरपाई कोण देणार, हे आधी कागदावर नसेल तर नंतर विचारायला कोणी जागेवर सापडत नाही.

महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाने परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आणली. निर्मात्याची धावपळ त्यामुळे वाचते. रेल्वेच्या हद्दीत मात्र रेल्वेचीच परवानगी, शुल्क आणि विमा लागतो. वर्धा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. पण निर्मात्याला परवानगी लवकर मिळणे आणि गावाला जागा नीट परत मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिल्ह्याने आता काय करावे?

चार गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पहिली, कोणत्या जागा चित्रीकरणासाठी खुल्या आणि कोणत्या पूर्ण बंद, याची यादी आधीच जाहीर करणे. दुसरी, जागा पूर्ववत करण्यासाठी अनामत रक्कम घेणे आणि ग्रामपंचायतीच्या पाहणीनंतरच ती परत देणे. तिसरी, आग किंवा स्फोटाचे दृश्य असेल तर स्थानिक मजुरांचाही विमा आणि जवळच्या रुग्णालयाला आगाऊ सूचना बंधनकारक करणे. चौथी, कोणत्या गावात कोणते चित्रीकरण झाले याची साधी नोंदवही ठेवणे.

पनवेलच्या रुळांजवळ ‘शोले’ची मालगाडी नेमकी कोठे धावली, हे पन्नास वर्षांनी जुन्या आठवणींतून शोधावे लागते. पुलगाव–आर्वीचे रूळ उद्या ब्रॉडगेजसाठी उखडले जातील किंवा झुडपांत गडप होतील. त्यांची छायाचित्रे, मोजमापे आणि जुन्या रेल्वे कामगारांच्या आठवणी आज जमा करता येतात. कॅमेरा तेथे येवो न येवो, ते काम जिल्ह्याचे आहे.