जाड बारचा खोटेपणा

शनिवारी 'आर'मध्ये संत्र्याचा ग्राफ काढत बसलो होतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर... प्रत्येक तालुक्याला दोन बार, आंबिया आणि मृग बहर. एका तालुक्याच्या मृगाची ओळच आकड्यांत नव्हती. 'जीजीप्लॉट'ने काय करावं? तिथला आंबियाचा बार दुप्पट जाड! डोळ्याला तोच तालुका पैलवान.

"डिफॉल्ट आहे, चालतं" म्हणणारे आपणच, राजेहो. अजिबात चालत नाही! 'पोझिशन डॉज'मध्ये 'प्रिझर्व्ह'ला 'सिंगल' द्या. बार सारखे होतात, मृगाची जागा रिकामी राहते. ती रिकामी दिसलीच पाहिजे. पावसाअभावी बहर फुटला नाही, की कोणी मोजलाच नाही, हे बघणाऱ्याने विचारायला हवं. जाड बार तो प्रश्नच गिळून टाकतो.