दीड मिलिमीटरची पिन

मागच्या रविवारी पुतणीच्या हातात ऑप्टिमस प्राइम या खेळण्यातल्या रोबोचा डावा हात निखळला. ती आठ वर्षांची आहे. तिनं आधी हातातल्या लाल तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, मी जोरात नाही फिरवला." खरंच नव्हता फिरवला. सांध्यातली पोलादी पिन गंजून आधीच कुरतडल्यासारखी झाली होती. कोल्हापूरचा पावसाळा बंद कपाटातही शिरतो, आणि यंदा सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या माझ्याकडूनच राहिल्या होत्या.

राजारामपुरीतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात गाडीचे, विमानाचे, टेपरेकॉर्डरचे होणारे रोबो आहेत. कपाटाला कुलूप लावलेलं नाही, लावणारही नाही. घरी येणाऱ्या पोरानं काच सरकवायची, हवा तो उचलायचा आणि जमिनीवर मांडी घालून उलगडायचा. परदेशात या खेळण्यांची सीलबंद खोकी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवणारे लोक आहेत. खोकं फोडलं की किंमत उतरते, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या वस्तूचा सगळा जीव तिच्या बिजागऱ्यांत आहे, ती कधी मिटवलीच नाही तर आपल्याकडं नेमकं आहे तरी काय? रंगीत पुठ्ठा आणि आत अडकवलेलं प्लास्टिक. मला ते बघवत नाही.

माझा पहिला रोबो महाद्वार रोडवरच्या एका गाड्यावरचा. आई अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन गेली होती, येताना हट्ट धरून घेतला. नकली होता, पण तेव्हा अस्सल-नकली कुणाला कळत होतं! निळी मोटार, बॉनेट खाली ओढलं की पाय, दारं बाहेर काढली की हात. रात्री अंथरुणात, अंधारात, नुसत्या बोटांनी ती गाडी मी इतक्या वेळा मिटवली-उलगडली, की आजही डोळे मिटले की कुठला भाग कुठं अडायचा ते अंगठ्याला आठवतं. नाद लागला तो तिथनं.

त्या गाडीचं कूळ कुठलं, हे पुढं वीसेक वर्षांनी कळलं. जपानच्या टाकारा कंपनीनं १९८० साली 'डायाक्लोन' ही मालिका काढली. त्यातले रोबो म्हणजे चालकानं आत बसून हाकायची यंत्रं, आणि चालक अगदी इवलासा. १९८३ साली आली 'मायक्रो चेंज', त्यात घरातल्या नेहमीच्या वस्तूंचे रोबो व्हायचे. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोनं दोन्हींतली खेळणी उचलली आणि १९८४ मध्ये 'ट्रान्स्फॉर्मर्स' म्हणून एकत्र आणली. आता चालक नको होता, रोबोलाच जीव हवा होता. मार्व्हल कॉमिक्समधल्या बॉब बुडियान्स्की यांनी त्यांतल्या बहुतेकांना नावं दिली, स्वभाव लिहिले. ऑप्टिमस प्राइम हे नाव मात्र डेनिस ओ'नील यांचं. जपानात तो कॉन्व्हॉय या नावानं आला. सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांचं दार उघडलं तर आत चालकाची छोटी सीट तशीच दिसते. ज्याच्यासाठी ती केली होती, तो गोष्टीतनं कधीच निघून गेला. पुतणीला मी ती सीट दाखवली तेव्हापासून ती तिथं एक तीळ ठेवते.

कपाटातला तिचा सगळ्यात आवडता साउंडवेव्ह. हा टेपरेकॉर्डर. छातीचं झाकण उघडून आत कॅसेट घालायची, आणि त्या कॅसेटीचा पक्षी होतो. "कॅसेट म्हणजे काय?" असं तिनं विचारलं, तेव्हा माळ्यावरची खरी कॅसेट काढून, पेन्सिल घालून फिरवून दाखवली. ज्या काळात हे रोबो झाले त्या काळातली यंत्रं त्यांनी अशी पोटात धरून ठेवली आहेत. १९८४ चा बम्बलबी फोक्सवॅगन बीटल होता, २००७ च्या सिनेमात तो कॅमॅरो झाला. जुन्या ऑप्टिमसच्या ट्रकचं तोंड सपाट, सिनेमातल्याला लांब नाक आलं. मेगाट्रॉन तर आधी पिस्तूल होता. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांवर बंधनं आली आणि पुढं त्याचा रणगाडा झाला.

तर, निखळलेला हात रुमालात बांधून मी उद्यमनगरात गेलो. राजारामपुरीत राहण्याचं हे एक मोठं सुख, लेथ पायी जाण्याच्या अंतरावर. वडिलांच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, पंपाचे शाफ्ट करतात. रुमाल सोडला तसा त्यांनी चष्मा खाली ओढला.

"खेळणं व्हय? आधी मिटवून दाव."

एका हातानं जमेल तसा मिटवून दाखवला. पाय मागं वळले, डोकं आत गेलं, छातीवरच्या दोन खिडक्या ट्रकची पुढची काच झाल्या. मेस्त्रींनी तो माझ्या हातातनं घेतला, दिव्याखाली धरला आणि स्वतः उलगडला. मग परत मिटवला. मांडीचा सांधा कानाशी नेऊन सावकाश फिरवला. कट, कट, कट. "आत दाते हायत," ते म्हणाले. "ज्यानं डाय केली त्यो लई शाना मानूस." मोठमोठ्या प्रदर्शनांच्या चकचकीत कॅटलॉगांत मी या खेळण्यांची पुष्कळ तारीफ वाचली आहे, पण तेलकट बोटांनी केलेली ही पारख मला जास्त मोलाची वाटते. यंत्रांतले जाणकार म्हणून म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेणारं हे गाव आहे. इथं वस्तू नुसती बघून कुणाचं समाधान होत नाही.

अशा पिनेच्या एका टोकाला बारीक रेघा असतात, त्या प्लास्टिकला धरून बसतात. म्हणून ती काढताना रेघा नसलेल्या बाजूनं ठोकायची. उलट ठोकली तर भोक चिरतं. हे मी नुकसान करून घेऊन शिकलो होतो, मेस्त्रींनी नुसतं बघून ओळखलं. भोकात ड्रिलचा दांडा घालून माप घेतलं, दीड मिलिमीटर. "पितळेची करतो, गंजायची न्हाई. उद्या ये."

परतताना शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचा विचार डोक्यात होता: असे रोबो तिथंच का होऊ नयेत? खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ पासून आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. बाहेरून मागवलेला रोबो आता पगारदार माणसाच्या आवाक्यात राहत नाही. देशातला धंदा वाढावा म्हणून हे केलं, याला माझी ना नाही. पण मग तो वाढलेला मला बघायचा आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ साली उभारलेल्या फनस्कूलनं आपल्याकडं केलेले जी. आय. जोचे सैनिक परदेशातले संग्राहक अजून शोधत असतात, कारण त्यांचे रंग जगात दुसरीकडं कुठं नव्हते. इथं डाय करणारे आहेत, मोल्डिंगची यंत्रं आहेत. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर उलगडून उभा राहावा, असा रोबो इथल्याच कुणी तरी करावा. पहिला मी घेईन, आणि खोकं दुकानातच फोडीन.

दुसऱ्या दिवशी गेलो तर लेथच्या बेडवर लाल ट्रक उभा होता आणि शेजारच्या वर्कशॉपातली तीन पोरं त्याच्याभोवती. मेस्त्रींनी पिन कानशीखाली ठेवून एकदा दाबून सरकवली, टोकाला रेघा उठल्या. लाकडी हातोडीचे दोन हलके ठोके, आणि हात बसला. पैसे काढले तर हात झटकला. वर कागदाची एक पुडी दिली. आत तशीच दुसरी पिन.

"जादाची ऱ्हाऊ दे," म्हणाले. "पोरगी फिरवणारच की."