समुद्रावरची हजेरी

बालमित्रांनो,

सहलीला गेल्यावर बाई तुम्हांला किती वेळा मोजतात? बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसताना... आमच्या चौथीतला एक मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "बाई, आम्ही काय शेळ्या आहोत का, सारखं सारखं मोजायला?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे भर समुद्रात. चला तर मग!

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली तिथं तेल सापडलं. समुद्रतळात रोवलेल्या लोखंडी खांबांवर उंच फलाट उभे आहेत आणि त्यांवर माणसं राहून काम करतात. काही जण हेलिकॉप्टरनं जातात, काही छोट्या बोटींनी. खरी कसोटी असते ती फलाटापाशी. फलाट असतो स्थिर आणि बोट मात्र लाटेबरोबर वर-खाली! कधी कधी क्रेनला टांगलेल्या जाळीच्या पाळण्यातून माणसांना वर घेतात.

एवढ्या अफाट पाण्यात छोटी बोट कुठं आहे, हे कसं कळतं? त्यासाठी 'एआयएस' नावाचं यंत्र असतं. ते उपग्रहांच्या मदतीनं बोटीची जागा शोधतं आणि बोटीचं नाव, जागा, वेग, दिशा रेडिओवरून सतत सांगत राहतं. प्रत्येक बोटीला नऊ आकडी क्रमांक असतो. भारतीय बोटींचा क्रमांक ४१९ नं सुरू होतो. म्हणजे रात्री, धुक्यातसुद्धा बोट जणू ओरडत असते, "हजर, बाई!" त्यामुळे आसपासची जहाजं टक्कर टाळू शकतात आणि संकटात मदत कुठं पाठवायची तेही कळतं.

पण मुलांनो, हे यंत्र बोट कुठं आहे ते सांगतं. बोटीत कोण कोण आहे, हे नाही सांगत! त्यासाठी निघण्याआधी नावांची यादी करून किनाऱ्यावर ठेवावी लागते. आणि नुसता ठावठिकाणा कळून माणूस वाचतही नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ आलं. हवामान खात्यानं आधीच इशारा दिला होता. तरीही मुंबई हायजवळ 'पी-३०५' हा कामगारांचा मोठा तराफा उभाच होता. त्यावर २६१ जण होते. नांगर तुटले, तराफा वाहत गेला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवलं. कित्येक जण लाइफ जॅकेटच्या आधारानं तासन्‌तास पाण्यावर तरंगत राहिले होते. बाकीचे घरी परतले नाहीत.

तुम्ही म्हणाल, "बाई, आपल्या पंढरपुरात कुठं आलाय समुद्र?" अरे, पाणी तर आहे ना! २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठावर आला. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली मुलं होती. उजनीतून सुटलेलं पाणी भीमेतून आपल्याच चंद्रभागेत येतं. ते आपल्याला परकं कसं?

आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत होड्यांची किती गर्दी असते, ते तुम्ही पाहताच. होडीत पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. लाइफ जॅकेट आहे का? होडीत माणसं जास्त तर झाली नाहीत ना? आभाळ भरून आलंय का? आणि चौथी गोष्ट, "मी होडीनं पलीकडे चाललोय, अमुक वेळेला येतो," असं काठावरच्या कुणाला तरी सांगून जा. आई-बाबांनो, लाइफ जॅकेट मुलांबरोबर तुम्हीही घाला, बरं का! तुम्ही नाही घातलं, तर मुलंही नाही घालणार. आणि कोकणात सहलीला जाल, तेव्हा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

त्या मुलाला मी सांगितलं, "बाळा, मोजल्यावर एक जरी कमी भरला, तर त्याला शोधायला कुणीतरी धावतं. मोजलंच नाही, तर धावणार कोण?"

पुढच्या सहलीत सगळ्यांत मोठ्यानं "हजर" म्हणाला तो तोच!

तुमच्या,
बाई