पाणी आलं नाही की सोडलं नाही?

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदनाचा मसुदा आला. विषय खराब रस्त्याचा. खाली लिहिलेलं, "काही बदल असल्यास सुचवा, उद्या साहेबांना द्यायचंय."

वाचला. अत्यंत दयनीय, जीवघेणा, भयावह, संतापजनक, अक्षम्य... एका पानात चौदा विशेषणं मोजली. रस्ता कुठून कुठपर्यंत, खड्डे कुठे, शेवटचं डांबर कधी पडलं, हे कुठेच नाही. आणि शेवटी मागणी काय? "तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."

हसायला आलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी अगदी असंच निवेदन मी स्वतः लिहिलं होतं.

आमच्या गल्लीत ४२ घरं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, ते हळूहळू चार-पाच दिवसांवर गेलं. मी गल्लीतला 'लिहिणारा माणूस', म्हणून काम माझ्याकडे आलं. मीही हौसेने लिहिलं. 'तीव्र पाणीटंचाई', 'नागरिकांचे अतोनात हाल', 'प्रशासनाचा गलथान कारभार'. सगळ्यांनी वाहवा केली. ४२ सह्या झाल्या. दीड महिन्याने नगरपालिकेचं एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या निवेदनावर योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.

झालं. पाणी पाचव्या दिवशीच.

दुसरं निवेदन लिहायला बसलो तेव्हा शेजारच्या काकू आल्या. चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, "वाच बघू काय लिहिलंयस." मी वाचलं, "गेल्या अनेक दिवसांपासून आमच्या भागात नियमित पाणी येत नाही..."

काकूंनी तिथेच थांबवलं. "येत नाही काय रे? पाणी काय पाहुणा आहे, यायला? सोडत नाहीत म्हण की!"

मित्रहो, शाळेत शब्दांच्या आठ जाती मी पाठ केल्या होत्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्ययं. परीक्षेत मार्कही पडले. पण अकर्मक आणि सकर्मक क्रियापदातला फरक मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला. 'येणे'ला कर्म लागत नाही. पाणी आलं नाही, जसा पाऊस आला नाही. दोष कुणाचाच नाही. 'सोडणे' म्हटलं की पाणी कर्म होतं आणि लगेच प्रश्न उभा राहतो: सोडणारा कोण?

आता आपली रोजची वाक्यं बघा. लाईट गेली. फाईल अडकली. काम रखडलं. निधी परत गेला. शाळा बंद पडली. झाडं गेली. या वाक्यांत माणूसच नाही. फाईल आपणहून अडकते, निधी आपल्या पायाने परत जातो! आपण तक्रार करायला बसतो आणि पहिल्याच वाक्यात समोरच्याला सोडून देतो. मग ती कमी भरून काढायला विशेषणं ओततो. क्रियापद लुळं पडलं की विशेषणांचा आवाज वाढतो, हा माझा अनुभव.

आणि समोरचाही याच खेळात तयार असतो. त्याचीही ठरलेली विशेषणं आहेत: योग्य, आवश्यक, संबंधित. 'संबंधित विभाग' म्हणजे कोणता? 'आवश्यक उपाययोजना' म्हणजे काय? आणि क्रियापद? 'करण्यात येईल'. कोण करणार, ते सांगायची गरजच नाही. व्याकरण एकदम शुद्ध आणि जबाबदारी शून्य.

तर काकूंचं ऐकून मी दुसरं निवेदन बदललं. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाणी आलेल्या दिवसांवर पेनने गोल केलेले होते. ते उतरवून काढले. एप्रिल महिन्यात सहा वेळा. प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिनिटं, तेही. सगळी विशेषणं काढली आणि ठणकावून लिहिलं, "वॉलमन आमच्या भागात पाणी सोडत नाही."

इथे मात्र मी चुकलो, आणि ही चूक सांगितल्याशिवाय ही पोस्ट पूर्ण होणार नाही.

चौथ्या दिवशी वॉलमन घरी आला. कंत्राटी पोरगा. त्याला नोटीस मिळाली होती. म्हणाला, "काका, मी कोण सोडणारा न सोडणारा? सांगतात तेवढा वेळ फिरवतो." काकू आतून बाहेर आल्या आणि माझ्याकडे अशा बघितल्या की अजून आठवतं. "सोडत नाहीत म्हणाले होते मी. सोडत नाही, असं नव्हते म्हणाले."

एका अक्षराचा फरक. पण त्यात एका पोराची नोकरी होती.

वाक्यात कर्ता आणायचा तो जो जवळ सापडेल तो नव्हे. ज्याने ठरवलं, तो. सगळ्यात खालच्या माणसाचं नाव घेणं सगळ्यात सोपं असतं, आणि वरच्यांना तेच हवं असतं. मी लेखी दिलं की आमची तक्रार त्या मुलाविरुद्ध नाही. नोटीस बारगळली. पण ते नशीब म्हणायचं.

तिसऱ्यांदा निवेदन दिलंच नाही. माहिती अधिकारात अर्ज केला. २००५ चा कायदा, ३० दिवसांत उत्तर. आपल्याकडे २०१२ साली नियम झाला की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. त्या नियमावर बरीच टीका झाली आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण मला मात्र त्या १५० शब्दांनी लिहायला शिकवलं. विशेषणाला जागाच उरत नाही हो!

आणखी एक शिकलो. 'पाणी का सोडत नाही?' असं विचारलं तर उत्तर टोलवता येतं, कारण हा कायदा कार्यालयात असलेली माहिती देतो, खुलासे नाही. म्हणून नामं मागायची. वेळापत्रकाची प्रत. वॉल उघडण्याच्या नोंदवहीची प्रत. त्या जलवाहिनीवर दोन वर्षांत दिलेल्या नव्या जोडण्यांची यादी, मंजुरीच्या तारखांसह. यातलं काय असतं ते द्यावं लागतं, आणि नसेल तर 'नाही' असं लेखी सांगावं लागतं. तेही मोठं उत्तर असतं.

आम्हाला यादी मिळाली. आमच्याच लाईनवर वरच्या अंगाला दोन नव्या वसाहतींना जोडण्या दिलेल्या होत्या. खाली सही आणि तारीख. कर्ता सापडला.

आज पाणी एक दिवसाआड येतं का? नाही. तिसऱ्या दिवशी सोडतात. अर्धी लढाई बाकी आहे. पण आता कार्यालयात गेलो की 'बघतो' म्हणत नाहीत, कागद काढतात.

काहींना वाटेल, हा माणूस रस्ते-पाण्याच्या गोष्टींत व्याकरण घुसवतोय. तर थोडं मागे चला. १८९७ साली, रँडच्या खुनानंतरच्या पुण्यात, 'केसरी'त टिळकांचा अग्रलेख आला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मराठी माणसाला हे शीर्षक अजून पाठ आहे. त्यात विशेषण किती? एकही नाही. तीन नामं, 'आहे' हे साधं क्रियापद आणि 'काय' हा प्रश्न. जुलमी, मदांध, अन्यायी असं काही त्यात घातलं असतं तर ते इतर शंभर मथळ्यांत विरून गेलं असतं.

म्हणजे विशेषण वाईट का? तसंही नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, नाव 'बहिष्कृत भारत'. यातलं विशेषण काढा, काय उरतं? सगळं वजन त्याच शब्दात आहे, कारण त्याच्या पोटात क्रियापद दडलंय. बहिष्कृत म्हटलं की कुणीतरी बहिष्कार टाकला, हे आलंच. जे विशेषण घडलेली गोष्ट सांगतं ते ठेवा. जे फक्त आपला राग सांगतं ते खोडा. राग वाचणाऱ्याला यायला हवा, आपण लिहून द्यायचा नसतो.

शेवटची गंमत दोन लहान शब्दांची. 'लवकरच' हे क्रियाविशेषण. कशालाच बांधलेलं नाही, आज म्हणा, पुढच्या निवडणुकीत म्हणा. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय. ते नामाला चिकटल्याशिवाय उभंच राहत नाही. '१५ जूनपर्यंत'. पुढच्या वेळी कुणी 'लवकरच' म्हणालं की नम्रपणे विचारा, "कधीपर्यंत?" चेहरा बघण्यासारखा होतो.

तर त्या ग्रुपवरच्या मसुद्याचं काय केलं? चौदाची चौदा विशेषणं काढली. रस्त्याची दोन टोकं लिहिली. खड्ड्यांच्या जागा लिहायला कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, तो रोज बघतो. शेवटी 'कार्यवाही व्हावी' खोडून लिहिलं: "हे काम कोणत्या अभियंत्याकडे आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार, ते लेखी कळवावे."

ग्रुपवर एकाचा मेसेज आला, "दादा, फारच साधं झालं हो. जरा कडक हवं होतं."

मी लिहिलं, साहेबांना देऊन बघा. कडक कोणाला वाटतं ते कळेल.