जळालेली घरे आणि वाढीव खर्च

आगीत होरपळलेल्या सार्वजनिक वसाहतीच्या दुरुस्तीसाठी जादा रकमेची मागणी पुढे आली की लोकप्रतिनिधींत दोन पक्ष पडतात. मूळ अंदाज चुकलाच कसा, असे विचारून एक पक्ष प्रस्ताव अडवून धरतो. दुसरा काहीही न विचारता हात वर करतो. पहिल्यामुळे रहिवाशांचा वनवास लांबतो, दुसऱ्यामुळे तिजोरीला गळती लागते. नगरपालिकांच्या मालकीची भाड्याची घरे ज्या लंडन शहरात मोठ्या संख्येने आहेत, तेथील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

आगीनंतरचा पहिला अंदाज बहुधा अपुरा ठरतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्वाळांनी काय नेले ते डोळ्यांना दिसते; उष्णतेने काय पोखरले ते गिलावा उतरविल्याखेरीज कळत नाही. काँक्रीट ३०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापले की त्याचे बळ घटू लागते. बंबांचे पाणी खालच्या मजल्यांच्या छतांत आणि विजेच्या तारांत मुरते. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस आढळला तर तो काढण्याचा निराळा खर्च येतो. म्हणून प्रत्येक वाढीव रकमेत लबाडीच पाहणे अन्यायाचे होईल.

परंतु सर्वांत महाग वाढीव खर्च आगीपूर्वीच्या काटकसरीतून जन्मास येतो. ३ जुलै २००९ रोजी साउथवर्क नगरपालिकेच्या लाकानल हाउस या १४ मजली इमारतीत आग लागून ६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३ मुले होती. उंच इमारतींत पाण्याचे स्वयंचलित फवारे बसविण्यास उत्तेजन द्यावे आणि अग्निसुरक्षेचे नियम सुस्पष्ट करावेत, असे कोरोनरने २०१३ साली सरकारला कळविले. नियमांची ती फेरतपासणी रेंगाळतच राहिली. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ जीव गेले. त्याच्या नूतनीकरणात जस्ताच्या आवरणाऐवजी स्वस्त, ज्वालाग्राही गाभ्याचे ॲल्युमिनियमचे आवरण पत्करून सुमारे ३ लाख पौंड वाचविण्यात आले होते. पुढच्याच वर्षी देशातील सार्वजनिक मालकीच्या इतर इमारतींवरील तसली आवरणे उतरविण्यासाठी सरकारला ४० कोटी पौंड बाजूस काढावे लागले. हे सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असा निर्वाळा चौकशी समितीने २०२४ साली दिला. गेलेले जीव कोणत्याही पुरवणी मागणीने परत येत नाहीत.

मुंबईकरांना हा विषय परका वाटू नये. येथील उपकरप्राप्त चाळींच्या दुरुस्तीवर सरकारी मंडळाने दर चौरस मीटरमागे किती खर्च करावा, याला मर्यादा आहे. तिच्यावरची रक्कम रहिवाशांच्या माथी येते आणि ती त्यांना पेलली नाही तर दुरुस्ती अडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावातील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत माणसे बळी पडली, तेव्हा अल्प उत्पन्नाच्या वस्तीत सुरक्षेची साधने कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या देखरेखीखाली राहावयाची, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

तेव्हा आमचे म्हणणे असे : वाढीव खर्च अवश्य मंजूर करावा, आणि तोही ठरलेल्या मुदतीत, मात्र बाबवार हिशेबासह. आगीमुळे उघडकीस आलेले नुकसान किती, कंत्राटदाराच्या दिरंगाईमुळे वाढलेली रक्कम किती, आणि नव्या सुरक्षा-साधनांचा भाग किती, हे तीन आकडे स्वतंत्रपणे जाहीर करावेत. पहिला व तिसरा जनतेने आनंदाने सोसावा. दुसरा कंत्राटदाराकडून वसूल व्हावा. आणि कात्री चालवावीच लागली, तर ती रंगरंगोटीवर चालवावी. अग्निरोधक दरवाजे, जिने आणि पाण्याच्या नळांना हात लावू नये. भाडेकरू गरीब आहे, एवढ्याच कारणास्तव त्याच्या जिवाची किंमत कमी धरण्याचा अधिकार कोणत्याही सभागृहाला नाही.