आणखी एक वर्ष

२०१८ च्या जुलैत वसईत जो पाऊस कोसळला, तो आमच्या भागातली माणसे अजून विसरलेली नाहीत. गावोगाव पाणी साचले. आमच्या वाडीत ते चार दिवस हटले नाही. पाणी ओसरल्यावर मी वाडीत गेलो तेव्हा केळी आडव्या झाल्या होत्या, मोगऱ्याची पाने पिवळी पडून गळत होती आणि सगळीकडे कुजका वास सुटला होता. सत्तरी ओलांडलेली माझी आई मात्र पदर खोचून चर खणत उभी होती. मी चिडून म्हणालो, "आता कशाला, आई? सगळं गेलंय." मान वर न करता ती म्हणाली, "पाऊस देवानं पाठवला, पाण्याला वाट आपण काढायची. दुसरी कुदळ पडवीत आहे."

त्या काळात माझा आणि देवाचा अबोला होता. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. वय अवघे अडतीस. त्याच्यासाठी आम्ही नोव्हेना केल्या, रोज रात्री घरात जपमाळ म्हटली. तरी तो गेला. सांत्वनाला आलेली माणसे 'देवाची इच्छा' म्हणाली आणि ते शब्द मला झोंबले. हळूहळू रविवारची मिस्सा सुटली. आईने त्याबद्दल एका शब्दाने विचारले नाही. तिने विचारले ते एवढेच, की कुदळ घेतोस का.

मी कुदळ घेतली. तेव्हापासून सकाळचा एक तास वाडीत घालवण्याची सवय लागली ती आजतागायत. माझी हरवलेली श्रद्धा मला त्या तासात परत मिळाली, असे आज मी म्हणतो. पण ती कशी मिळाली हे नीट सांगायला हवे, कारण या विषयावर आपण फार सैल बोलतो.

'निसर्गात देव दिसतो' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. बागेत फिरायला येणाऱ्याला ते सुचते. बाग कसणाऱ्याला ते इतक्या सहज म्हणता येत नाही. त्याला कंद पोखरणारी कीड ठाऊक असते, पानावरचा करपा ठाऊक असतो, वर्षाची मेहनत एका रात्रीत आडवी करणारा वारा ठाऊक असतो. सोनचाफ्याचा सुगंध हा देवाच्या प्रेमाचा पुरावा मानला, तर पुराचे पाणी कशाचा पुरावा मानायचे? म्हणून निसर्गातून देव सिद्ध करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. बागेने मला पुरावा दिला नाही. तिने मला विश्वास ठेवायची रीत शिकवली.

बी मातीत टाकले की ते आपल्या हातचे जाते. उकरून पाहिले तर ते मरते. पाणी घालायचे, तण काढायचे आणि वाट पाहायची, इतकेच आपल्याकडे उरते. मार्कच्या शुभवर्तमानात येशूने नेमका हाच दाखला दिला आहे. एक शेतकरी बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी रुजते, वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा दाखला पाठ केला होता. त्याचा अर्थ कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली. न कळणे ही श्रद्धेतली उणीव आहे, असे मी समजत होतो. त्या शेतकऱ्याला मात्र न कळण्याची लाज वाटत नाही. तो आपले काम करतो आणि रात्री निवांत झोपतो.

येशूचे बोलणे शेतकऱ्यांशी आणि मळेकऱ्यांशी होते. मोहरीचा दाणा, पेरणारा माणूस, मातीत पडून मरणारा गव्हाचा दाणा अशी त्याची उदाहरणे आहेत. मराठी माणसाला ही भाषा परकी वाटायचे कारण नाही. अरणच्या सावतोबांनी मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल भेटला. १६१६ साली छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी सांगताना फादर स्टीफन्स यांना फुलांतला मोगरा आठवला. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखले जातात. मराठी मातीत ख्रिस्ताचे नाव फुलांच्या सोबतीनेच रुजले आहे.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो लूकने नोंदवलेला अंजिराच्या झाडाचा दाखला. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. तरीही फळ आले नाही तर मग तोडा. गंमत अशी, की पुढे त्या झाडाला अंजीर लागले की नाही, हे येशू सांगत नाही. गोष्ट तिथेच संपते. माळ्याला फळाची हमी मिळालेली नाही. त्याला मिळाले आहे ते आणखी एक वर्ष आणि हातात कुदळ. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे सगळे मनासारखे होईल असे धरून चालणे, ही माझी समजूत भावाबरोबर गेली. आता भरवसा म्हणजे मला त्या माळ्याचे वर्ष वाटते.

असा भरवसा माणसाला हात जोडून स्वस्थ बसू देत नाही, याची साक्ष आमची वसईच देईल. इथल्या केळीच्या बागा, पानवेली आणि फुलांच्या वाड्यांवर काँक्रीटची सावली पडू लागली, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली माणसे रस्त्यावर उतरली. त्यांच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ साली आपल्यातून गेलेले. धर्मगुरूने झाडा-पाण्यासाठी का भांडावे, असे तेव्हा विचारणारेही होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीची राखण हा श्रद्धेचाच भाग असल्याचे सांगितले. बायबलच्या दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. माणसाला सोपवलेले ते पहिले काम आहे.

म्हणून मला वाटते, प्रत्येक धर्मग्रामाने धर्मशिक्षणाच्या मुलांना चर्चच्या आवारात एक वाफा द्यावा. दाखले पाठ करण्याआधी मुलांनी बी पेरावे, कोंबाची वाट पाहावी, एखादे रोप मेलेलेही पाहावे. ज्यांच्या नशिबी फ्लॅटची खिडकी आहे त्यांनी एक कुंडी ठेवावी. आणि हे ख्रिस्ती घरांपुरतेच कशाला? तुळशीला पाणी घालणाऱ्या घरांना मी वेगळे काय सांगणार?

त्या पुरानंतर केळीच्या काही कंदांना मुनवे फुटले. त्यातली दोन बेटे भावाने लावलेल्या राजेळीची होती. याला मी चमत्कार म्हणणार नाही. केळीचा कंद चिवटच असतो. केळ एकदा लोंगर देते आणि संपते, तिच्या बुडाशी आलेला मुनवा पुढे चालतो. त्या मुनव्यांना माती चढवताना दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून आपोआप प्रार्थना निघाली. मी काही मागितले नाही. फक्त भावाचे नाव घेतले. पुढच्या रविवारी मी आईबरोबर मिस्सेला गेलो. तिने नेहमीप्रमाणे काहीच विचारले नाही.

वाडी विकता का, असे विचारायला अजूनही दरवर्षी कोणीतरी येते. दिला जाणारा भाव ऐकून माझेही मन डळमळते, हे कबूल करतो. आई आता पडवीत बसूनच वाडीवर नजर ठेवते. ती म्हणते, "यंदा राहू दे."

योहानाच्या शुभवर्तमानात येशूची कबर एका बागेत आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालिना तिथे रडत उभी असते आणि समोर आलेल्या येशूला ती माळी समजते. तिची ओळखण्यात चूक झाली, असे आम्हाला वर्गात शिकवले होते. वाडीत वाकून काम करताना मला वाटते, तिची तशी फार मोठी चूक झाली नव्हती.