आजारी मांजर घरात घेताना



उंदीर धरते तोवर मांजर सर्वांना हवी. आजारी पडली की पोत्यात घालून शिवेबाहेर सोडतात. हे आम्हांला पटत नाही. अशी टाकलेली मांजर घरात घेणाऱ्यांचे आम्हांला कौतुकच आहे. पण दया एका दिवसाची नको. मधुमेह झालेल्या मांजरीला बहुधा रोज दोन वेळा इन्शुलिन टोचावे लागते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर तिला विषच. एका गोळीनेही जीव जातो. तेव्हा आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, औषधाच्या वेळा घरात वाटून घ्या. उसाच्या पाण्याची पाळी आपण चुकू देत नाही, तशीच ही पाळी. जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा. पण घरात घेऊन तिला पुन्हा टाकू नका.